सभेच्या आधीची बातमी

कोल्हापूरहून आमच्या गावाला येणाऱ्या रस्त्यावर ‘शहराची हद्द सुरू’ अशी पाटी आहे. त्या पाटीखाली उभं राहिलं की ‘शहराची हद्द समाप्त’ ही दुसरी पाटी दिसते. नजर चांगली असेल तर वाचताही येते. या दोन पाट्यांच्या मध्ये जे आहे, त्याचा कारभार नगरपालिका बघते. कागदोपत्री ती नगरपरिषद. गावात तिला पालिका म्हणतात आणि ओरडायचं असेल तर ‘मुन्शिपाल्टी’.

शेजारचं खेडं आमच्यापेक्षा मोठं आहे. तिथे ग्रामपंचायत आहे आणि रस्ते बरे आहेत. आपणही ग्रामपंचायत होऊ, असा विषय मी वार्ताहर असताना दोनदा निघाला. दोन्ही वेळा एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे गट एका बाकावर आले आणि विषय पडला. संस्थानकाळात इथे अधिपतींचा मुक्काम असे. मुक्कामाआधी रस्ता झाडून घ्यायला कुणीतरी जबाबदार हवं म्हणून नगरपालिका स्थापन झाली, असं जुनी माणसं सांगतात. त्याचा कागद मिळत नाही. पण जी मिळाली ती सोडायची नाही, यावर गावाचं एकमत आहे.

नगरसेवक सतरा. वॉर्ड इतके लहान की उमेदवार मतदारांची यादी नावांनी वाचत नाही, नात्यांनी वाचतो. दोन मजल्यांची इमारत, वर सभागृह, सभागृहाच्या भिंतींवर आजवरच्या सगळ्या सभासदांची सामूहिक छायाचित्रं. खाली कर, पाणी, आरोग्य, बांधकाम असे चार विभाग. चारही विभागांत मिळून माणसं एवढी की एकजण सुट्टीवर गेला तर एक विभाग सुट्टीवर जातो.

या नगरपालिकेचं वार्तांकन मी तेवीस वर्षं केलं. त्याआधी कोल्हापुरात एका दैनिकाच्या कार्यालयात बातम्या तपासायच्या टेबलावर सहा वर्षं होतो. घरची शेती बघायला गावी परतलो आणि त्याच दैनिकाचा वार्ताहर झालो. टेबलावर एक गोष्ट अंगात भिनवली जाते. जे घडलं तेवढं लिहायचं, आणि ते वेळेत लिहायचं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे गावी आल्यावर कळलं.

अडचण अशी होती. ग्रामीण भागात जाणारा अंक आधी छापतात. त्यात बातमी यायची तर ती दुपारी चारच्या आत कोल्हापुरात पोहोचायला हवी. पालिकेची सर्वसाधारण सभा चारला सुरू होते. म्हणजे पत्रकावर चार, प्रत्यक्षात पाच. सभा संपल्यावर बातमी पाठवली तर गावाला ती तिसऱ्या दिवशी वाचायला मिळायची. तोवर ती पारावर चघळून संपलेली असायची.

यावर उपाय मी शोधला नाही, तो आधीपासून तयार होता. सभा लिपिक मगदूम अण्णा सभेचं इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवत. इतिवृत्त म्हणजे सभेत काय घडलं याची अधिकृत नोंद. ती सभेच्या आधी कशी लिहिता येते, असं बाहेरच्याला वाटेल. आम्हाला वाटत नसे. विषय पत्रिकेवर छापलेले असत. कुठला मंजूर, कुठला तहकूब, हे आदल्या संध्याकाळी दोन्ही गटांच्या लोकांनी चहावर ठरवलेलं असे. उरत ते सूचक आणि अनुमोदक, म्हणजे ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा. ती नावं अण्णा पाळीपाळीने घालत. कुणाचं नाव किती सभांत आलं नाही, हे त्यांना तोंडपाठ असे, कारण ज्याचं आलं नाही तो घरी येऊन सांगत असे. अण्णांचं अक्षर सुरेख. वही बघून मी बातमी उतरवून घेई, सभेच्या दिवशी दुपारी पाठवून देई, आणि मग जमलं तर सभेला जाई. ‘सविस्तर चर्चेअंती’ हे शब्द मी चर्चेच्या आधी किती वेळा लिहिले, ते मोजलेले नाहीत.

या पद्धतीने मोजून एकदा दगा दिला, ते पुढे येईलच. बाकी वेळी सभाच बातमीप्रमाणे वागली. न वागली तरी निभावून जाई. बाजारतळाची मोकळी जागा एका नगरसेवकाच्या मेहुण्याला भाड्याने देण्याचा ठराव वहीत ‘एकमताने’ होता. सभेत दोघांनी हात वर करून विरोध केला. सकाळी अंकात ‘एकमताने’ छापून आलं होतं. ते दोघं माझ्याकडे आले. मी त्यांना इतिवृत्त बघायला सांगितलं. अण्णांनी त्यांना अंक बघायला सांगितला. प्रकरण तिथे मिटलं.

अशा या नगरपालिकेत मारुती शेळके पाणी सोडायचा.

आमच्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. आळीआळीला वेळ ठरलेली. ती वेळ म्हणजे रस्त्याखालचा एक व्हॉल्व्ह उघडणं आणि दुसरा बंद करणं. हे काम करणाऱ्याला चावीवाला म्हणतात. चावी म्हणजे छातीइतक्या उंचीचा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. मारुतीने ती मूठ अठ्ठावीस वर्षं फिरवली, रोजंदारीवर. म्हणजे तो पालिकेचा नोकर नव्हता. रोज सकाळी तो नव्याने कामाला लागत होता आणि रोज संध्याकाळी सुटत होता, एवढंच कागद सांगत होता.

महापुरात दप्तरखान्यात पाणी शिरलं आणि नळयोजनेचा नकाशा कुजला. त्यानंतर शहराच्या जलवाहिन्यांचा नकाशा म्हणजे मारुती. नव्या योजनेसाठी पुण्याहून सल्लागार कंपनीचे तिघे अभियंते यंत्रं घेऊन आले. तीन दिवस ते त्याच्यामागून चालले. तो डांबरावर टाच आपटून “हितं खांदा” म्हणायचा. खांदलं की हातभर खाली झाकण लागायचं. चौथ्या दिवशी अभियंत्यांनी यंत्रं पेटीत ठेवली आणि वही काढली.

एका पावसाळ्यात तो चेंबरमध्ये पडला आणि पाय मोडला. पालिकेच्या अहवालात नोंद झाली, ‘चेंबरमध्ये पडून एक नागरिक जखमी.’ कर्मचारी म्हटलं असतं तर उपचाराची जबाबदारी आली असती. मी बातमी अहवालावरून दिली. प्लास्टर निघाल्यावर मारुती लंगडत घरी आला.

“मी नागरिक व्हय, बापू?” त्याने विचारलं. गावात मला बापू म्हणतात. “मग त्या येळंला पाणी कोण सोडत हुतं?”

त्यानंतर त्याने एकच मागणी लावून धरली, कायम करा. कायम झाला असता तर म्हातारपणी त्याला आणि त्याच्या मागे बायकोला आधार राहिला असता. त्याला तो आधार हवा होताच. पण तो बोलायचा हजेरीपटाबद्दल. कायम नोकरांचा पट वेगळा असतो, जाड पुठ्ठ्याचा. त्यात नाव पाहिजे, म्हणायचा.

कायम होण्याचा रस्ता लांब असतो. पालिकेचा ठराव, मग जिल्हा, मग वरचं कार्यालय. प्रत्येक टप्प्यावर फाईल थांबते. पण ठराव नसेल तर फाईलच जन्मत नाही. त्या ठरावाला कुणाचाही विरोध नव्हता, आणि म्हणूनच तो मागे पडत गेला. विरोध असलेल्या विषयासाठी दोन्हीकडून माणसं धावपळ करतात. ज्याला सगळेच हो म्हणतात त्यासाठी कुणी चपलाही घालत नाही. असं करत तो सभागृहाच्या मुदतीच्या शेवटच्या सभेवर आला. दुसऱ्या दिवशी मुदत संपणार होती. निवडणुका लांबल्या होत्या, त्यामुळे त्यानंतर प्रशासक. मारुतीच्या निवृत्तीच्या वयाला तेव्हा चार वर्षं उरली होती.

आदल्या संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो तेव्हा ते अडलेले होते. निवडणूक कधी ना कधी येणार, म्हणून मारुतीच्या ठरावाला अनुमोदक व्हायला नऊजण तयार होते.

“नवांची नावं घातली तर ठराव कमी आणि लग्नपत्रिका जास्त वाटंल,” अण्णा म्हणाले. शेवटी त्यांनी दोन नावं घातली आणि उरलेल्या सात जणांना ‘सर्व सभासदांनी बाके वाजवून स्वागत केले’ या वाक्यात बसवलं.

मी बातमी उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोबाईलवरून कोल्हापूरला पाठवली आणि कसबा बावड्याला भाचीच्या मुलाच्या बारशाला गेलो. दुसऱ्या एका दैनिकाचा वार्ताहर माझी बातमी मागून घेत असे, त्यालाही पाठवली.

सभेच्या दिवशी जे घडलं ते मला नंतर पाच जणांनी सांगितलं. पाचही हकिगती जुळतात.

शेवटच्या सभेआधी सामूहिक छायाचित्र काढायची आमच्याकडे रीत आहे. छायाचित्रकार कुरुंदवाडहून बोलावला होता. त्याला पुढे लग्नाची ऑर्डर होती, म्हणून फोटो आधी, सभा मागून, असं ठरलं. इमारतीसमोर पुढच्या रांगेत सात खुर्च्या मांडल्या. नगराध्यक्षा, ज्यांना गाव वहिनी म्हणे, उपनगराध्यक्ष आणि पाच सभापती. सगळे जागेवर बसले. मग नगराध्यक्षांचे यजमान आतून आठवी खुर्ची घेऊन आले आणि वहिनींच्या शेजारी टेकवून बसले. पाच वर्षं ते सभागृहात वहिनींच्या मागे बसून त्यांना काय बोलायचं ते सांगत आले होते, आणि त्याला कुणी हरकत घेतली नव्हती. पण सभा संपते आणि फोटो भिंतीवर राहतो.

विरोधी गटाचा नेता मागच्या रांगेत उभा होता. तो पुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ह्यो पावणा कुठल्या वॉर्डातनं निवडून आलाय?”

यजमान म्हणाले, “घरातनं.”

त्यावर हसू आलं असतं तर वेळ निभावली असती. कुणी हसलं नाही. विरोधी गटाचे सातजण निघून गेले. त्यांच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी सत्ताधारी गटातल्यांना सरकवायला सुरुवात झाली. त्यात पुढच्या खुर्चीवरून मागे आलेले बांधकाम सभापती चारजणांना घेऊन गेले. छायाचित्रकाराने उरलेल्यांचा फोटो काढला आणि तोही गेला. सभागृहात नगराध्यक्षा आणि पाच नगरसेवक उरले. सभेला लागणारी किमान संख्या भरत नव्हती. मुख्याधिकारी त्या दिवशी जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते. साडेसहाच्या सुमारास अण्णांनी एका सुट्या कागदावर ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ असं लिहिलं. तहकूब सभा पुढच्या तारखेला घेता येते. या सभागृहाला पुढची तारीख नव्हती.

सकाळी नऊच्या एसटीने मी परत आलो. स्टँडवर हलगी वाजत होती. मारुती गुलालात न्हालेला होता, गळ्यात शाल, हातात नारळ, बगलेत अंक. त्याला हार घालायला बांधकाम सभापती आले होते, विरोधी नेताही आला होता आणि आठव्या खुर्चीचे मालकही. तिघेही एकाच फोटोत उभे राहिले. निघून गेलेल्यांना वाटलं होतं की मागे राहिलेल्यांनी ठराव करून टाकला. मागे राहिलेल्यांना वाटलं होतं की आपण गेल्यावर ते परत आले असावेत. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं तर आपण तिथे नव्हतो हे आधी कबूल करावं लागलं असतं. शिवाय दोन दैनिकांत छापून आलं होतं. एकच चूक दोन ठिकाणी आली की तिला दुजोरा म्हणतात.

मारुती माझ्यापुढे आला. पाया पडायला वाकला तेव्हा मी त्याला धरला.

“आलं की बापू, पेपरात,” तो म्हणाला. हलगीवाल्यांनी त्याला ओढून नेलं.

अण्णांनी मला चहाच्या गाड्यामागे घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांची तयारीही सांगितली. वहीत ठराव लिहिलेला आहे. सुटा कागद त्यांच्याच खिशात आहे. सतराजणांच्या सह्या दुपारपर्यंत घरोघरी जाऊन होतील; नाही कुणी म्हणणार नाही, सगळ्यांनी हार घातलेत. वहिनी सही करतील.

“फकस्त तुमी गप ऱ्हावा,” ते म्हणाले. “आजवर ऱ्हायलासाच की.”

मी गप्प राहिलो. अण्णांनी दुपारपर्यंत सह्या घेतल्या. छायाचित्रासाठी एका रांगेत न आलेले सतराजण एका पानावर आले.

तिसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला. आता तेच प्रशासक होते. मराठवाड्यातला तरुण माणूस, पहिलीच नेमणूक, सावध. सभा झाली नाही असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. वहीत झाली होती.

“मला खोलात जायचं नाही,” ते म्हणाले. “माणूस गरीब आहे, ठराव चांगला आहे. मी पुढे पाठवतो. पण उद्या कुणी विचारलं तर त्रयस्थ म्हणून तुमचं नाव सांगेन. सभेला तुम्ही स्वतः हजर होता, एवढं सांगा.”

उत्तर एका शब्दाचं होतं. मी “नव्हतो” म्हणालो.

त्यांनी विचारलं नसतं तर मी गप्प राहिलो असतो, असं मला वाटतं. खात्री देता येत नाही. विचारल्यावर मात्र टेबलावरची सहा वर्षं वर आली. फोन ठेवला आणि त्याच दुपारी कोल्हापूरला खुलासा पाठवला. खुलासा म्हणजे आपलीच चूक आपणच, शक्य तितक्या कमी ओळींत, कबूल करणं. ‘नगरपालिकेची सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. सभेत ठराव मंजूर झाल्याचे वृत्त अनवधानाने प्रसिद्ध झाले होते.’ दोन वाक्यं. सहाव्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली. मारुतीचं नाव मी त्यात घेतलं नाही. तेव्हा तो मला सभ्यपणा वाटला होता.

गटारं, कुत्री, स्मशानातला दिवा, आरोग्य केंद्राचं कुलूप, या विषयांवर मी तेवीस वर्षं लिहिलं. एकाही बातमीची प्रशासनाने दखल घेतली नाही. या दोन वाक्यांची दखल दोन दिवसांत घेतली गेली. कात्रण जोडून फाईल तयार झाली, ठराव रद्द समजण्यात आला, अण्णांना नोटीस निघाली. मारुती शेळके ही व्यक्ती इतकी वर्षं कोणत्या आदेशान्वये कामावर आहे, असाही प्रश्न फाईलवर आला. आदेश सापडला नाही. तेव्हा रोजंदारी बंद करून त्याला ठेकेदारामार्फत घेण्यात आलं. त्याच्या हातातली चावी तीच होती. फक्त आता तो पालिकेत रोजसुद्धा लागत नव्हता.

तो आठवड्याने घरी आला. बायकोने त्याला पाणी दिलं, तो ओसरीवर बसला. मी त्याला समजावून सांगितलं की ठराव तसाही टिकला नसता, पुढे तपासणीत निघालाच असता, तेव्हा जास्त त्रास झाला असता. हे सगळं खरं होतं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“खरं लिवलासा तुमी,” तो म्हणाला. “त्येला माझं काय म्हननं न्हाय. पर बाजारतळाच्या येळंला ती दोघं तुमच्या दारात उभी हुती. तवा खुलासा केला न्हाईसा. एवढी वरसं सभा व्हायच्या आदी छापत आलासा, कुनाचं काय गेलं न्हाय. एकदाच खरं लिवायची पाळी आली, ती माझ्यावर व्हय?”

तो उठला, खालच्या आळीची वेळ झाली म्हणाला आणि गेला.

प्रशासक सहा महिन्यांसाठी येतात, असं मी वाचकांना समजावून सांगितलं होतं. ते चार वर्षं राहिले. बदल्या झाल्या, माणसं बदलली, पद राहिलं. या काळात सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे असतात आणि प्रशासक स्वतः मुख्याधिकारीच असतो. मुख्याधिकारी म्हणून तो विषय मांडतो, प्रशासक म्हणून मंजूर करतो. सूचक, अनुमोदक, सभागृह, सगळं एका खुर्चीत. गणपूर्ती कधी अडली नाही. मी ‘मुख्याधिकाऱ्यांच्या प्रस्तावाला प्रशासकांची मंजुरी’ अशा बातम्या दिल्या. त्या वाचून कुणी हसलं नाही, तेव्हा मीही गांभीर्याने लिहू लागलो. मारुतीने या काळात दोन अर्ज केले. मुख्याधिकाऱ्यांनी ते प्रशासकांकडे सादर केले. प्रशासकांनी, धोरणात्मक बाब असल्याने नव्या सभागृहासमोर ठेवावे, असा शेरा मारला. अण्णांची चौकशी होऊन त्यांना समज देण्यात आली. पुढे ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभाला मारुती सतरंजी टाकायला होता.

शेवटी निवडणूक झाली. नवं सभागृह आलं. नव्या नगराध्यक्षांनी पहिल्याच सभेत मारुतीचा विषय घेतला, हे नोंदवलं पाहिजे. तोवर त्याचं वय उलटून तीन महिने झाले होते. कायम करता येत नव्हतं, म्हणून पुढच्या सभेतच सत्कार आणि आभाराचा ठराव करायचं ठरलं. ‘प्रदीर्घ सेवेबद्दल’ या शब्दांना आस्थापना लिपिकाने, म्हणजे नोकरांचे कागद बघणाऱ्याने, हरकत घेतली. सेवेत नसलेल्या माणसाच्या सेवेबद्दल आभार मानता येत नाहीत. तेव्हा ‘सहकार्याबद्दल’ असा बदल झाला.

खुलाशानंतर मी एकही बातमी सभेआधी पाठवली नव्हती. या सभेलाही पहिल्यापासून बसलो. सभा पाचला सुरू झाली. ठराव मांडला गेला, सतरा हात वर गेले, मी मोजले. शाल आणि श्रीफळ तबकात तयार होतं. मग मारुतीच्या नावाचा पुकारा झाला. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारा झाला. शेवटी शिपायाने येऊन सांगितलं की तो वरच्या आळीला पाणी सोडायला गेलाय. ठेकेदाराकडे दुसरा माणूस होता, पण त्याला तिथला व्हॉल्व्ह सापडत नव्हता. नगराध्यक्षांनी थोडा वेळ वाट बघितली, मग पुढचा विषय घेतला. शाल आणि श्रीफळ नंतर त्याच्या घरी पाठवून दिलं गेलं.

मी बातमी सभा संपल्यावर लिहिली. जे घडलं तेवढं आणि त्याच क्रमाने. शेवटचं वाक्य होतं, ‘सत्कारमूर्ती कामावर असल्याने उपस्थित राहू शकले नाहीत.’ कोल्हापुरात त्या दिवशी पानावर जागा कमी होती. बातमी तिसऱ्या दिवशी आली. वरच्या चार ओळी ठेवल्या होत्या, शेवटचं वाक्य गेलं होतं. मथळा होता, ‘मारुती शेळके यांचा नगरपालिकेत सत्कार’.

त्या सकाळी आमच्या आळीची पाण्याची वेळ होती. मारुती कोपऱ्यावर चावी फिरवत होता. मी बाहेर गेलो आणि त्याला सांगितलं की चूक माझी नाही, कार्यालयाने वाक्य कापलं, मी आजच खुलासा पाठवतो.

त्याने मूठ पूर्ण फिरवली. नळांना पाणी लागल्याचा आवाज आला, तसा तो थांबला.

“सभेत सत्कार झाला म्हनून आलंय?”

“हो. झाला नाही तरी.”

“आमची मालकीण वाचून घेत हुती शेजारच्या पोरीकडनं,” तो म्हणाला. “दोनदा वाचून घेतलं. ऱ्हाऊ द्या बापू. ह्ये तरी खोडू नगासा.”

मी खुलासा पाठवला नाही.